जिप्सीचा हंगाम

पुण्याच्या मार्केट यार्डातले फुलांचे भाव वर्तमानपत्रांत छापून येतात. झेंडू, गुलछडी, अॅस्टर, शेवंती अशी ओळ सुरू होते. पुढे डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन, लिलियम. आणि तळाशी कुठेतरी जिप्सोफिला. गुच्छात गुलाबांच्या फटींतून पांढऱ्या बारीक टिंबांची जी जाळी दिसते, ती ही. बाजार तिला नुसतं जिप्सी म्हणतो. तिच्यासाठी म्हणून बाजारात फारसं कुणी येत नाही. दहा गुलाब घेतले की विक्रेता आपल्या मनानं तिच्या चार काड्या खोचतो, कागद गुंडाळतो, आणि घरी गेल्यावर आपण गुलाबच मोजतो. फुलवाल्यांच्या हिशेबात ती भरतीची. मला हे पूर्वीपासून पटत नव्हतं. का पटत नव्हतं, ते मात्र रियाधला येऊन राहिल्यावर इथल्या मातीनं समजावून दिलं.

या शहरात फुलांचा केवढा खप आहे हे नव्या माणसाला खरं वाटत नाही. बाळ जन्मलं की हॉस्पिटलच्या खोलीपासून सजावट सुरू होते. आईला भेटायला येणाऱ्या बायकांसाठी चॉकलेटची तबकं, त्यांच्या मागे माणसाच्या उंचीच्या फुलांच्या रचना. मुलगी पदवीधर झाली की गुच्छ, कुणी उमरा करून परतलं की गुच्छ. लग्नात नवरीच्या आसनामागे जी सजावट उभारतात तिला कोशा म्हणतात, आणि अलीकडच्या कोशांमध्ये जिप्सीचे ढगच्या ढग असतात. ही बहुतेक फुलं विमानानं येतात. केनिया आणि इथिओपियाच्या पठारांवरून, नेदरलँड्सच्या लिलावांतून. बाहेर पंचेचाळीस अंशांची लाही, दुकानात शिरलं की थंड ओलसर हवा आणि बादल्यांतून उभ्या काड्या. काही वर्षांपूर्वीपर्यंत १४ फेब्रुवारी जवळ आला की दुकानांतून लाल गुलाब काढून ठेवावे लागत. २०१८पासून ते उघडपणे विकले जाऊ लागले. लाल गुलाबांवर अशी बंदी होती त्या वर्षांतही पांढऱ्या जिप्सीला कुणी हरकत घेतली नाही. तिची दखलच नव्हती.

त्या थंड दुकानात उभं राहिल्यावर मला पुन्हा पुन्हा एक गोष्ट जाणवते. गुलाब, ट्यूलिप, हायड्रेंजिया, ऑर्किड, सगळे इथे पाहुणे आहेत. त्या गर्दीत या भूमीशी जिचं रक्ताचं नातं आहे अशी एकटी जिप्सी. दुकानातली जात परदेशी हे खरंच, पण तिची सख्खी चुलत बहीण अरबस्तानच्या वाळवंटात मुळात राहते. जिप्सोफिला कॅपिलारिस असं तिचं शास्त्रीय नाव. इजिप्तपासून इराकपर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात ती आहे, आणि सौदीच्या खडीच्या मैदानांतही आहे.

तिला बघायचं तर पावसानंतर जावं लागतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतच्या काळाला इथे वस्म म्हणतात. आपल्याकडे मृगाला जे महत्त्व, ते इथे वस्मला. तेव्हाचा पाऊस वेळेवर झाला तर पुढे वाळूखाली फगा धरतात, म्हणजे वाळवंटातले ट्रफल, आणि जानेवारी-फेब्रुवारीत जमिनीवर हिरवळ चढते. मग सगळं रियाध तंबू, गालिचे, कहव्याची किटली घेऊन रानात. या सहलीला कश्ता म्हणतात. शहराच्या ईशान्येला शंभरेक किलोमीटरवर रौदत खुरैम नावाचा सखल भाग आहे, पावसाचं पाणी साचून बाभळी-बोरींचं रान झालेला. बहुतेक गाड्या खुझामा या रानफुलाच्या जांभळ्या पट्ट्यांपाशी थांबतात. तो रंग इथे इतका आपला मानला जातो की २०२१मध्ये राजकीय पाहुण्यांसाठी अंथरायचा लाल गालिचा बदलून जांभळा करण्यात आला. मी त्या जांभळ्याच्या कडेला खाली बसते. खडीतून तारेसारख्या काड्या वर आलेल्या असतात. प्रत्येक काडी दुभंगत, पुन्हा दुभंगत, शेवटी केसाएवढी बारीक होते आणि त्या केसाच्या टोकाला एक फूल. पाकळ्या पांढुरक्या, त्यांवर जांभळट शिरा. उभ्या माणसाला ती दिसत नाहीत. बसलं की मात्र खडीच्या वर वीतभर उंचीवर एक धुरकट थर तरंगताना दिसतो, आणि एकदा दिसला की मैदान संपेपर्यंत तोच दिसत राहतो.

इतक्या नापीक वाटणाऱ्या जमिनीत तिचं जमतं कसं? तर ती जमीनच तिच्या कुळाला मानवते. लिनियसनं १७५३मध्ये या वंशाला नाव दिलं ते जिप्समवर प्रेम करणारी असं, कारण त्यातल्या कित्येक जाती जिप्समच्या आणि चुनखडीच्या जमिनीवर सापडतात. कार्नेशनच्या कुळातला हा वंश. दीडशेच्या आसपास जाती, सर्वांत जास्त तुर्कस्तानात. आणि मध्य अरबस्तानात चुनखडी आणि जिप्सम यांना तोटा नाही. रियाधच्या पायाखाली चुनखडीचे थर आहेत. सबखा नावाच्या खारट सखल जागांत जिप्समचे स्फटिक वाळू पोटात घेऊन पाकळ्यांसारखे वाढतात; त्यांना वाळवंटी गुलाब म्हणतात आणि बाजारात ते शोभेसाठी मिळतात. रियाधलगतच्या दिरियाच्या जुन्या मातीच्या घरांत गेलं की बैठकीच्या खोलीत, कहव्याच्या चुलीभोवती, भिंतींवर पांढरी कोरीव नक्षी दिसते. ती जुस्सची, म्हणजे जिप्समच्या गिलाव्याची. ज्या पांढऱ्या दगडानं इथली माणसं घर सजवत आली, त्याच दगडात हे फूल मूळ धरतं. दिरियाच्या त्या खोल्यांत उभं राहिल्यावर हे सुचलं, आणि तेव्हापासून या दोन गोष्टी मला वेगळ्या पाडता येत नाहीत.

आता फोर्स्कोलची गोष्ट सांगायला हवी, कारण ती शेवटी आपल्या मुंबईला येऊन पोचते.

पेअर फोर्स्कोल हा लिनियसचा शिष्य. डेन्मार्कच्या राजानं १७६१मध्ये अरबस्तानाच्या अभ्यासासाठी एक मोहीम पाठवली, तिच्यात तो वनस्पती आणि प्राणी यांचा जाणकार म्हणून निघाला. बरोबर भाषापंडित फॉन हाफेन, वैद्य क्रामर, चित्रकार बाउरेनफाइंड, नोकर बर्गग्रेन. आणि नकाशे काढायला, अक्षांश मोजायला कार्स्टन नीबूर नावाचा शेतकऱ्याच्या घरातला तरुण. इजिप्तमध्ये वर्षभर काढून ते १७६२च्या ऑक्टोबरअखेर जेद्दाला उतरले आणि डिसेंबरपर्यंत राहिले. म्हणजे वस्मचेच दिवस. फोर्स्कोलची पद्धत मला फार आवडते. तो स्थानिक लोकांना झाडाचं नाव विचारी, ते लिहून घेई, आणि कित्येकदा तेच नाव शास्त्राच्या लॅटिन कागदावर चढवी. आपल्या केसासारख्या काडीच्या जिप्सीची नोंदही त्यानंच केली. तिच्या आजच्या शास्त्रीय नावाच्या मागे कंसात त्याचं नाव आहे. पुढे ते येमेनमध्ये गेले. तिथे तापानं गाठलं. १७६३च्या मे महिन्यात फॉन हाफेन मोखा बंदरात दगावला. ११ जुलैला यारीम गावी फोर्स्कोल गेला. वय एकतीस. उरलेले मुंबईला जाणाऱ्या इंग्रजी जहाजावर चढले. चित्रकार आणि नोकर समुद्रातच वारले, वैद्य क्रामर पुढच्या फेब्रुवारीत मुंबईत. राहिला एकटा नीबूर.

तो वर्षभराहून जास्त काळ मुंबईत होता. घारापुरीला जाऊन त्यानं लेण्यांची मापं घेतली, शिल्पांची रेखाटनं केली. युरोपात त्या लेण्यांची नेमकी कल्पना देणाऱ्या पहिल्या कामांत ती मोडतात. मग मस्कत, इराण, बगदाद करत १७६७मध्ये तो कोपनहेगनला परतला. या माणसाचं मला सर्वांत मोठं वाटतं ते काम मात्र पुढचं. मेलेल्या मित्राच्या चिठ्ठ्या, टिपणं, वाळवलेली झाडं यांच्याकडे तिथे कुणाचं लक्ष नव्हतं. वनस्पतिशास्त्र हा नीबूरचा विषयच नव्हता. तरी त्यानं ते कागद जुळवून घेतले आणि १७७५मध्ये फोर्स्कोलच्या नावानं इजिप्त-अरबस्तानच्या वनस्पतींचा ग्रंथ छापला. त्यात चुका राहिल्या, विद्वानांनी त्या दाखवल्या. पण तो छापला गेला नसता तर फोर्स्कोल यारीमच्या मातीत पूर्णच मिटला असता. मोहिमेत विद्वान म्हणून मिरवणारे दुसरे होते. हा मोजमापाचा माणूस, सोबतीला घेतलेला. काम शेवटाला नेलं ते त्यानं. जिप्सीला कुणी भरतीची म्हटलं की माझ्या मनात नीबूर येतो, आणि मग त्या शब्दाचा राग यायला लागतो.

घरी मी लावते ती गच्चीवर, उथळ आणि रुंद कुंड्यांत. फुलवाल्यांकडची जात, जिप्सोफिला पॅनिक्युलाटा, इथे घरगुती बागेत रमत नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. तिला फुलायला लांब दिवस लागतो, चौदा तासांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. रियाधचा हिवाळ्यातला दिवस साडेदहा तासांचा. उन्हाळ्यात दिवस पावणेचौदा तासांपर्यंत ताणतो, पण तेव्हा उष्णता त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर. प्रकाश असतो तेव्हा गारवा नाही, गारवा असतो तेव्हा प्रकाश नाही. केनिया-इथिओपियाचे बागायतदार उंच पठाराचा गारवा घेतात आणि मध्यरात्री काही तास दिवे लावून तिची रात्र तोडतात. झाडाला वाटतं दिवस मोठा झाला. एवढं सगळं करून ती काडी गुलाबाच्या फटीत जाते.

मी लावते ती वर्षायू जिप्सोफिला एलेगन्स. तिची फुलं एकेरी आणि जरा मोठी, काडी नाजूक, आणि पेरल्यापासून आठ-नऊ आठवड्यांत ती फुलते. नोव्हेंबरात रात्री गार व्हायला लागल्या की बी नुसतं मातीवर भुरभुरवायचं आणि वर वाळूचा पातळ हात फिरवायचा. रोपं वर आली की विरळणी. ती करताना हात थांबतो, पण दाट ठेवली तर सगळीच लंबूळकी होऊन आडवी पडतात. इथल्या रोपवाटिकेला मश्तल म्हणतात. तिथले माळी बहुतेक पाकिस्तान-बांगलादेशचे, प्रेमळ माणसं, कुठल्याही रोपाबरोबर शेणखताची पिशवी हातात देतात. जिप्सीला मी खत घालत नाही. नत्र जास्त झालं की पाला माजतो, काडी मऊ पडते, फूल कमी. तिला हवा चुना, निचरा, ऊन, आणि दोन पाण्यांच्या मध्ये माती पूर्ण सुकू देणारा माणूस.

ही शेवटची अट मला सर्वांत अवघड गेली असेल. कोकणातल्या आजोळी झाडाला पाणी घालणं म्हणजे माया. रियाधमध्ये नळाला येणारं पाणी जुबैल आणि रास अल-खैरच्या किनाऱ्यावर समुद्रातून गोडं करून, चारशे किलोमीटरहून लांब नळांतून, सहाशे मीटर वर चढवून आणलेलं असतं. तांब्याभर पाणी कुंडीत ओतताना हे आठवतं. माझ्या गच्चीवरच्या मोगऱ्याला रोज दोन वेळा पाणी लागतं आणि मी ते देते, त्याच्यावरची माया कमी झालेली नाही. पण जिप्सीच्या कुंडीपाशी रिकाम्या हातानं उभं राहायला शिकले. माती सुकते, पानं जरा निळसर होतात, आणि काडी बळकट होते. काही झाडांना आपण दिलेलं लागत नाही, आपण आवरलेलं लागतं. एवढी साधी गोष्ट पुण्यात, भरपूर पाण्याच्या गावात, मला कधी कळली नसती.

दर दोन-तीन आठवड्यांनी एक कुंडी नव्यानं पेरते, कारण एलेगन्सचा बहर छोटा. अशा पेरण्या लागोपाठ ठेवल्या की जानेवारीपासून मार्चपर्यंत गच्ची पांढरी राहते. मार्चअखेर धुळीची वादळं सुरू होतात, एप्रिलात ऊन चढतं, आणि हंगाम आटोपतो.

आमच्या इमारतीत श्रीवर्धनच्या आपा राहतात. रायगड-रत्नागिरीच्या गावागावांतून माणसं आखातात आली. आपांच्या घरातली ही तिसरी पिढी. त्यांनी पहिल्यांदा माझ्या कुंड्या पाहिल्या, एक काडी नाकाशी नेली आणि परत दिली.

"ह्याला वास नाय गो."

"नाही आपा. वास नाहीच."

"मग ह्याचा करायचा काय?"

प्रश्न रास्त आहे. खरं सांगायचं तर दुकानातल्या जिप्सीचा मोठा गठ्ठा बंद खोलीत ठेवला तर एक आंबूस दर्प येतो, तो मलाही आवडत नाही. आणि आपण अशा देशात राहतो जिथे वासाला मान आहे. ताइफच्या डोंगरावर मार्च-एप्रिलमध्ये गुलाब पहाटे खुडतात. एक तोळा अत्तराला दहा-बारा हजार फुलं लागतात असं तिथे सांगतात. हो, तोळाच. इथल्या अत्तरबाजाराचं माप आपलंच आहे. ताइफच्या गुलाबाशी जोडलेल्या प्रथांना २०२४मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. आणि नैर्ऋत्येचं जाझान तर मराठी बाईनं एकदा पाहायलाच हवं. तिथे बायका केसांत माळतात ती फुल्ल, म्हणजे आपला मोगरा, आणि त्याच्या जोडीला कादी, म्हणजे आपला केवडा. जवळच्या असीरच्या डोंगरांत पुरुषसुद्धा डोक्यावर फुलांची आणि सुवासिक पाल्याची चुंबळ घालतात. जेद्दात संध्याकाळी रस्त्यावर मोगऱ्याच्या माळा विकायला येतात, आणि गाडीची काच खाली केली की क्षणभर दादर. अशा मुलखात बिनवासाच्या फुलाची बाजू घ्यायची म्हणजे कसोटी.

मी आपांना म्हटलं ते असं, की सगळ्यांनीच बोलायचं ठरवलं तर ऐकणार कोण. मोगऱ्याच्या वेणीत गुलाब खोवला तर दोन वास भांडतात. जिप्सी खोवली तर मोगऱ्याचा वास तसाच राहतो आणि कळ्यांच्या मधली काळी जागा उजळते. महाराष्ट्रात आता लग्नात नवऱ्या अंबाड्याला नुसती जिप्सी लावतात, फोटोत छान येते म्हणून. ते मला अर्धंच आवडतं. मोगरा काढून तिला तिथे बसवण्यात तिचा सन्मान नाही, आणि केसांचंही नुकसान. पण मोगऱ्याशेजारी ती असावी. आणि दिवाणखान्यात, जिथे जेवणाचा वास, उदाचा धूर, माणसांची अत्तरं सगळं आधीच भरलेलं असतं, तिथे मात्र ती एकटीच पुरे. काचेच्या साध्या बरणीत बोटभर पाणी आणि जिप्सीचा एक सैल झुबका. मी दुकानातसुद्धा नुसती जिप्सी मागते. दुकानदार केरळचा आहे. पहिल्यांदा त्यानं विचारलं, बाकी फुलं कोणती? आता विचारत नाही. काड्या सोडवून, तळाची पानं काढून देतो.

आपांचं समाधान वासाच्या युक्तिवादानं झालं नाही. झालं ते मुळाच्या गोष्टीनं. त्यांच्या घरी न्याहारीला तिळाचा हलावा असतो, डब्यातला, तंतुमय, तोंडात विरघळणारा. त्याला ती हलकी पांढरी कळा येते कशानं? तुर्कस्तानापासून सीरिया-लेबनॉनपर्यंत ती आणण्याची जुनी रीत अशी, की जिप्सीच्या काही रानटी जातींची किंवा तिच्याच कुळातल्या सोपवर्टसारख्या झाडांची मुळं उकळायची, तो काढा घोटत राहायचा, पांढराशुभ्र फेस वर येतो. तो साखरेच्या पाकात आणि मग तिळाच्या कुटात मिसळायचा. मुळात सॅपोनिन असतं, आपल्या रिठ्यात असतं तेच द्रव्य. पूर्वी याच मुळांनी लोकर धूत. आज मोठ्या कारखान्यांत दुसऱ्या युक्त्याही आहेत, पण रीत अजून जिवंत आहे. "म्हणजे कामाचा झाड हाय," आपा म्हणाल्या, आणि त्या दिवशी एक कुंडी त्यांच्या दारात गेली.

माझ्यासाठी या फुलाचा खरा दिवस बोरन्हाणाचा. संक्रांत ते रथसप्तमी, म्हणजे नेमका आमच्या गच्चीच्या बहराचा काळ. इथली मराठी कुटुंबं सण घरातल्या घरात, दारं लावून, पण मनापासून करतात. बाळाला काळं झबलं, डोक्यावर मुकुट, गळ्यात हार, हातात वाक्या. हलव्याचे दागिने पुण्याहून कुणीतरी आणतं. विमानाच्या बॅगेत ते अर्धे झडतात, आणि मग त्या जागी जिप्सी येते. एका वर्षी शेजारच्या मुलीच्या बाळासाठी आम्ही पूर्ण साजच जिप्सीचा केला. काळ्या झबल्यावर ती बारीक पांढरी फुलं काटेरी हलव्यासारखीच दिसतात. लांबून आजीबाईंनासुद्धा फरक कळला नाही. यात काळजी घ्यावी लागते. झाडाच्या रसानं नाजूक कातडीला खाज सुटू शकते, आणि बाळ हाताला येईल ते तोंडात घालतं. म्हणून फुलं मलमलच्या पट्टीवर टाचायची, पट्टी झबल्यावर बांधायची, हातातल्या वाक्या खऱ्या हलव्याच्याच ठेवायच्या, आणि ओवाळून फोटो झाले की साज लगेच उतरवायचा. मग वरून चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा, उसाचे करवे, आणि बोरं. बोरं इथलीच. अरबीत त्यांना नबक म्हणतात, सिद्रच्या झाडाची. आपल्या बोरीची बहीणच ती. चव जरा पिठूळ, पण पोरं ती उचलायला तशीच झेपावतात.

उरलेली फुलं सुकवायची असतील तर रियाधसारखं गाव नाही. सावलीत उलटी टांगून ठेवली की हवेच्या कोरडेपणानं तीन-चार दिवसांत खडखडीत होतात आणि रंग शुभ्र राहतो. जुबैलच्या एका मैत्रिणीनं हेच केलं तर समुद्राच्या दमट हवेनं काड्या काळवंडल्या, आणि मुंबईच्या पावसात तर बुरशीच. ताजी टिकवायची तर तिला फळांच्या टोपलीपासून दूर ठेवावं. पिकणारी केळी, सफरचंद, आंबे एथिलीन वायू सोडतात, आणि जिप्सीला तो सहन होत नाही. फुलं एका रात्रीत आक्रसतात. काड्या छाटायच्या त्या एक तृतीयांश फुलं उमललेली असताना, सकाळी.

एका बाबतीत मी कडक आहे. हंगाम संपला की वाळलेली झाडं बी गळायच्या आत उपटून पिशवीत बांधते. पॅनिक्युलाटा वाळली की बुंध्याशी तुटते आणि वाऱ्याबरोबर गडगडत जाते, वाटेत बी सांडत. एका झाडाला दहा हजारांहून जास्त बिया येऊ शकतात. बागेसाठी म्हणून अमेरिकेत नेलेली ही जात मिशिगन सरोवराच्या वाळूच्या टेकड्यांवर अशी पसरली की तिथली मूळची झाडं दडपली गेली, आणि आता माणसं कुदळी घेऊन तिची मुळं तोडतात. माझी एलेगन्स तेवढी दांडगी नाही. पण तीही कॉकेशस-इराणकडची, इथली नव्हे. रौदत खुरैमच्या कडेला जी केसासारख्या काडीची आहे तिची जागा तिच्याकडेच राहावी. तिच्या बियाही मी आणत नाही. रानातली झाडं तोडण्या-उपटण्याला इथे कायद्यानं बंदी आहे, जबर दंड आहे, आणि तो नसता तरी मी आणलं नसतं. तिला भेटायला गाडी काढून जावं, खाली बसावं, उठून यावं.

यंदा आपांच्या नातीचं लग्न आहे, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, जेद्दाला. मोगरा जाझानहून येणार, त्याची बोलणी आपांच्या जावयानं केली आहेत. वेणीत मधे जिप्सी हवी असं नातीनं सांगितलंय, आणि ती दुकानातली नको, गच्चीवरचीच. मागे मोजत गेले तर डिसेंबर लागायच्या आत बी पडायला हवं. थंडी जास्त पडली तर बहर आठवडाभर लांबतो, म्हणून एक कुंडी आठ दिवस आधी आणि एक आठ दिवस नंतर. वाळू चाळून झाली आहे. बी फ्रीजच्या दारात आहे. आपा रोज विचारतात, पेरलंस काय गो, आणि मी सांगते, अजून रात्री पुरेशा गार झाल्या नाहीत.